अँबॅसिडर, पद्मिनी आणि ताईचा डावा हात

आमच्या गावच्या टांगेवाल्या काकांनी घोडा विकला आणि त्याच आठवड्यात आमच्या घरात मोटारीचा विषय निघाला. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. माझी थोरली बहीण लहानपणीच्या पोलिओमुळे डाव्या पायाला लोखंडी कॅलिपर बांधून कुबड्यांवर चालायची. चर्चमधली रविवारची मिस्सा असो, नाहीतर शिवणकामासाठी एखाद्या नवरीच्या झग्याचं माप घ्यायला जायचं असो, तिचा सगळा प्रवास त्या टांग्यातून. एस.टी.च्या पायऱ्या तिला चढता येत नसत. टांगा बंद झाल्यावर सलग तीन रविवार ताई घराबाहेर पडली नाही. चौथ्या रविवारी बाबा म्हणाले, "आता गाडी घ्यायची." आखातातल्या दादानं पैशांचं मी बघतो असं कळवलं होतंच. नवी गाडी बुक करून वर्षानुवर्षं वाट बघण्यापेक्षा जुनी चांगली बघून घ्यावी, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं.

त्यापुढे मात्र फाटे फुटले. बाबांच्या मनात अँबॅसिडर. निर्मळला त्यांचे एक जुने मित्र होते, त्यांची पांढरी अँबॅसिडर विकायची होती आणि बाबांनी चर्चच्या दारात त्यांना शब्दही देऊन टाकला होता. मला हवी होती पद्मिनी. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांचे मेहुणे आपली निळी पद्मिनी विकणार होते. घरात गाडी चालवायचा परवाना फक्त माझ्याकडे, त्यामुळे माझ्या मताला वजन आहे असं मला वाटायचं.

घरी आम्ही आमच्या बोलीत बोलायचो, इथं मी शाळेतल्या मराठीत लिहितेय, त्यामुळे बाबांचा खरा ठसका काही उतरणार नाही. "अँबॅसिडरमध्ये माणूस बसला की बसल्यासारखा दिसतो," ते म्हणायचे. "तुझी ती पद्मिनी म्हणजे काड्यापेटी."

"आणि आपली वाट? त्या वाटेनं अँबॅसिडर येणार कशी?"

"बैलगाडी येते ना? मग?"

आईचा प्रश्न एकच. मागच्या डिकीत केळीचे घड किती मावतील? ताई शिवणाच्या मशीनवर वाकून टीप घालत राहायची. तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही. हे आज लिहिताना लाज वाटते.

एका शनिवारी दुपारी बाबांच्या मित्रानं अँबॅसिडर बघायला म्हणून आमच्याकडे पाठवली. बाबा म्हणाले, "चालवून तर बघ." ताईला मी शेजारी बसवलं, मोठ्या रस्त्यावर एक चक्कर मारली. खोटं कशाला बोलू, गाडी झकास होती. मग घराकडे वळले. आमच्या वाडीकडे येणाऱ्या वाटेच्या एका अंगाला शेजाऱ्यांची दगडी भिंत आणि दुसऱ्या अंगाला बावखल, म्हणजे वाडीला पाणी पुरवणारं खोल तळं. बाबा पुढे उलटे चालत दोन्ही हातांनी "ये, ये" करत होते. निम्म्यात आल्यावर माझ्या बाजूचा दरवाजा भिंतीला टेकला आणि ताईच्या बाजूची माती पाण्यात घसरल्याचा आवाज आला. मी ब्रेकवर उभीच राहिले. माझा दरवाजा उघडेना. ताईच्या दाराबाहेर पाऊल ठेवायला जमीनच नव्हती.

"ताई, हलू नकोस," मी म्हणाले.

ती अजिबात घाबरली नव्हती. खिडकीतून चाकाकडे बघत म्हणाली, "अजून वीतभर जागा आहे. स्टिअरिंग सरळ ठेव आणि हळूहळू मागे घे. मी सांगते."

तिनं इंचाइंचानं मला मागे आणलं. मोठ्या रस्त्याला लागल्यावर मी इंजिन बंद केलं आणि रडले. बाबा धावत आले, त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. तेव्हा ताई म्हणाली, "बाबा, मला पद्मिनी हवी. ती वीतभर अरुंद आहे म्हणून तर हवीच. पण मला ती चालवायचीय."

बाबांनी विचारलं, "आणि क्लच? तो डाव्या पायानं दाबतात, पोरी."

"माझा डावा हात दाबेल."

मग कळलं की नालासोपाऱ्याचे एक मेकॅनिक मुलीच्या लग्नाचे ब्लाऊज शिवायला घेऊन आले होते, तेव्हाच तिनं त्यांना गाठलं होतं. स्कूटरला असतो तसा हाताचा क्लच पद्मिनीच्या गिअरच्या दांड्याला बसवून देतो, असं ते म्हणाले होते. दाबायला जोर लागेल, एवढीच त्यांची शंका. वीस वर्षं कुबड्यांवर अंग पेलणाऱ्या ताईच्या हातात जोर किती होता, ते आम्हाला ठाऊक होतं.

"इतके दिवस बोलली का नाहीस?" घरी आल्यावर आईनं विचारलं.

"तुम्ही दोघं भांडत होता ना," ती बाबांकडे आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "मला मध्ये जागाच मिळाली नाही."

आता उरला बाबांचा शब्द. दिलेला शब्द मोडणं त्यांच्या जिवावर आलं होतं. रविवारी मिस्सा झाल्यावर इस्त्रीचा सदरा तसाच अंगात ठेवून ते निर्मळला निघाले, सोबत मला घेतलं. वाटेत दोनदा थांबून त्यांनी काय बोलायचं ते माझ्यापुढे म्हणून दाखवलं.

मित्र ओट्यावरच बसले होते. बाबांना बघून ते चटकन उठले. "आलास ते बरं झालं. मीच येणार होतो, पण तोंड कसं दाखवू? बायको आठ दिवस माझ्याशी बोलत नाहीये. गाडी द्यायची नाही म्हणते. आणि खरं सांगू? गाडी तुझ्याकडे पाठवली तेव्हा माझाच जीव तुटत होता."

बाबांनी दीर्घ श्वास घेतला आणि अगदी उदारपणे म्हणाले, "मैत्रीपुढे गाडी काय मोठी? राहू दे तुझ्याकडे."

चहा पिऊन आम्ही फाटकापर्यंत आलो. मी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. ते चार पावलं चालले, थांबले, आणि परत ओट्याकडे गेले. "अरे, मी पण नाही म्हणायलाच आलो होतो," असं त्यांनी सांगितल्याचं मला फाटकापाशी ऐकू आलं, आणि मग दोघा म्हाताऱ्यांचं हसणं. परतताना बाबा शीळ घालत होते. त्याआधी मी त्यांना कधी शीळ घालताना ऐकलं नव्हतं.

पद्मिनी आली. त्या वाटेनं ती दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा सोडून घरापर्यंत पोचली. मेकॅनिकनी दांड्याला क्लच बसवला. पहिले कित्येक दिवस ताई राजोडीच्या किनाऱ्यावर, ओहोटीच्या घट्ट वाळूत शिकली. गाडी आचके देऊन बंद पडायची, आणि तिच्या तळहाताला फोड आले. आईनं त्यांना हळद लावली आणि एकदाही पुरे म्हणाली नाही.

ठाण्याच्या आर.टी.ओ. कचेरीत ताईची परवान्याची परीक्षा होती. तिथले साहेब आधी क्लचकडे, मग कुबड्यांकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले. "चालवणार कोण?"

"मी," ताई म्हणाली.

त्यांनी तिला चढावर गाडी थांबवायला लावली आणि पुन्हा काढायला सांगितलं. गाडी बोटभरही मागे आली नाही. मग त्यांनी तिला रिव्हर्समध्ये आठचा आकडा काढायला लावला. उतरताना ते इतकंच म्हणाले, "माझ्या मुलापेक्षा बरी चालवता."

घोडबंदरच्या पुलावरून आम्ही चौघं परत येताना ताईच चालवत होती. मी शेजारी बसून पहिल्यांदाच खाडीचं पाणी बघत होते, कारण रस्त्याकडे बघायची मला गरज नव्हती. बाबा मागून दर वळणाला सूचना देत होते, आणि आई त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून, तोंड किंचित उघडं ठेवून गाढ झोपली होती.