आसगावची हवाघडी

नागपूरच्या एका घड्याळदुरुस्तीवाल्याने फोटो पाठवला. पितळी गोल डबा, आत पांढरी तबकडी, त्यावर एकच निळा काटा. मागे चुन्याची भिंत. खाली त्याने लिहिलं होतं, 'भंडारा जिल्हा, आसगाव. विचारून बघा, कदाचित विकतील.'

मी जहाजांवरची जुनी घड्याळं आणि यंत्रं जमवते. हा जहाजी बॅरोमीटर होता, हवेचा दाब मोजणारा. काटा उतरू लागला की खलाशी वादळाच्या तयारीला लागत. असे बॅरोमीटर बाजारात पुष्कळ मिळतात. बहुतेक नवे असतात, घासून जुने केलेले. हा खरा वाटत होता. मी त्याच आठवड्यात निघाले.

पुण्याहून रात्रीच्या गाडीने नागपूर, तिथून भंडाऱ्याची एसटी. जवाहरनगरपाशी कारखान्याच्या बसगाड्या वळत होत्या, त्यांच्यामागे आम्ही रखडलो. भंडाऱ्याला स्टँडबाहेर तर्री-पोहे खाल्ले. तर्री वेगळ्या वाटीत मागा, तिखट झेपेल तेवढीच ओता. पुढे पवनीच्या बसने अड्याळ. तिथे बाजाराचा दिवस होता. आसगावची काळीपिवळी जीप भरेपर्यंत चालक हलला नाही. नागपूरपासूनचं सगळं भाडं दोन-तीनशेत भागतं, वेळ मात्र हाताशी ठेवा.

नोव्हेंबर होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापून आडवं पसरलेलं होतं. ते असं काही दिवस सुकतं, मग त्याचे भारे बांधतात. पसरलेल्या धानावर पाऊस पडला तर दाणा काळा पडतो, जागीच कोंब फुटतात. हे मला काळीपिवळीतल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं. "कोणाकडं चालल्या?" त्याने विचारलं. मी बॅरोमीटरच्या मालकाचं, देवरावजींचं नाव घेतलं.

"कप्तानाकडं? मंग छत्री आनली का? त्याच्या घडीत बारा महिने पाऊस असते!"

गाडीतले सगळे हसले.

देवरावजी साठीचे. तरुणपणी गुजरातच्या किनाऱ्यावर जुनी जहाजं तोडण्याच्या कामावर वेल्डर होते. तिथून येताना त्यांनी हा बॅरोमीटर आणला आणि ओसरीच्या भिंतीवर टांगला. त्यांच्या तोंडी त्याचं नाव हवाघडी. तो खरा होता. वजन, काच, तबकडीवरची अक्षरं, सगळं जागच्या जागी. काटा खरंच 'पाऊस' या शब्दापाशी उभा होता. बाहेर कडक ऊन.

"लोकं हासतात," ते म्हणाले. "मे महिन्यात बी पाऊस दाखवते."

कारण साधं होतं. जहाज समुद्राच्या पातळीवर असतं. आसगाव उंचावर आहे, तिथे हवेचा दाब मुळातच कमी. म्हणून काटा कायम खाली. मागे एक स्क्रू असतो, तो फिरवून काटा जुळवता येतो. मी हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला.

"मंग करा ना जी! आताच करा."

कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी मी त्याचा फोटो काढते. तसा काढला. मग बॅरोमीटर मांडीवर घेतला, मोबाईलवर समुद्रपातळीचा आकडा पाहिला आणि स्क्रू फिरवला. काटा चढला आणि 'स्वच्छ'पाशी थांबला. देवरावजींनी तो दोन्ही हातांनी भिंतीवर परत लावला. आम्ही दोघंही खूश होतो. विक्रीचं बोलणं जेवणानंतर काढायचं असं मी ठरवलं.

तेवढ्यात अंगणाबाहेरून हाक आली. त्यांच्या थोरल्या भावाची बायको, लीलावहिनी. दादा वारल्यापासून शेत त्याच बघतात.

"भाऊजी, बाया आजच्या दिवसच हायत. भारे बांधाले लावू, का उरलेली बांधी कापाले लावू? काय म्हनते तुमची घडी?"

देवरावजींनी मान वळवून भिंतीकडे पाहिलं. "लय वर हाय. पसरलेलं सुकू द्या. कापून घ्या तुमी."

"पाहा बरं. पोत्यापोत्यानं जाईन माह्यं."

"म्या सांगतलं ना, वहिनी!"

त्या गेल्या.

देवरावजींच्या सुनेने पान वाढलं. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी. एका हाताने जेवत दुसऱ्या हाताने मी सकाळचे फोटो चाळत होते, ब्लॉगसाठी कुठला घ्यावा म्हणून. बॅरोमीटरच्या फोटोवर थांबले. काचेवर लाल ठिपका होता. नेलपॉलिशचा. तो आधी माझ्या ध्यानात आला नव्हता.

"हा ठिपका कसला?"

"तो माहा," ते म्हणाले. "काटा त्याच्यावर असला का कोरडं. खाली गेला का पानी. लिवलेलं म्या कधी पायतच नाई."

मी फोटो मोठा केला. स्क्रू फिरवण्याआधी काटा ठिपक्याच्या बराच खाली होता.

मी मोबाईल त्यांच्यापुढे धरला. त्यांनी फोटो पाहिला, भिंतीवरचा काटा पाहिला, पुन्हा फोटो. घास तसाच हातात राहिला.

"बाप्पा," ते म्हणाले. "आन म्या तिले कापाले सांगतलं."

ते उष्ट्या हाताने उठले. मी मागोमाग. तलावाची पाळ ओलांडताना वर पाहिलं. आकाश निळंच होतं. फक्त आग्नेयेला, झाडांच्या रेघेवर, मळकट पट्टा दिसत होता. वारा पूर्ण पडला होता.

बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात, बाया ओळीने वाकलेल्या. सकाळी उभं असलेलं धान त्यांनी निम्मं आडवं केलं होतं.

"कापनं बंद करा!" देवरावजी पाळीवरूनच ओरडले. "भारे बांधा! पानी येऊन राहिलं!"

लीलावहिनी सरळ उभ्या राहिल्या. "आता वर होती ना तुमची घडी?"

"वर नव्हती. आमी केली."

"काहून?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "दुरुस्त करायला गेलो."

वहिनींनी आकाशाकडे एकदा पाहिलं. तो पट्टा आता रुंद झाला होता.  मग त्यांनी विळा कमरेला खोचला आणि पहिला भारा बांधायला घेतला.

मला बांधता येईना. माझी गाठ उचलताच सुटायची. एक बाई म्हणाली, "ताई, तुमी फक्त व्हा." मग मी वाहत राहिले. भारे उंचवट्यावर नेऊन एकावर एक रचायचे, कणसं आत, बुडखे बाहेर. त्या रचलेल्या ढिगाला पुंजणं म्हणतात. त्यावर ताडपत्री. धानाची पाती मानेला कापत होती. देवरावजी रचत होते. ऊन गेलं. पलीकडच्या शेतांतूनही माणसं धावू लागली. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, त्यांनी आम्हाला पाहिलं होतं.

पहिले थेंब मोठे आणि विरळ पडले. मग सलग.

जुनं वाळलेलं धान बहुतेक ताडपत्रीखाली गेलं होतं. त्या दुपारी कापलेलं, आमच्या सांगण्यावरून कापलेलं, तसंच पाण्यात आडवं राहिलं. उभं असतं तर वाचलं असतं.

शेवटची गाडी चुकली. रात्री वहिनींच्याच घरी राहिले. त्यांनी कोरडं लुगडं दिलं, चहा दिला.

"भाऊजीची घडी आयुष्यात एक डाव कामाची झाली असती," त्या म्हणाल्या, "तं तिचं तोंडच फिरवून टाकलं तुमी." मग चुलीतली लाकडं सारत म्हणाल्या, "तुमच्या घरी बी सगळं असंच सुधरवून ठेवता का, ताई?"

सकाळी देवरावजींनी विचारलं, काटा परत जुना होईल का. मी फोटो समोर धरून स्क्रू उलटा फिरवला. पण मधल्या काळात हवा बदलली होती. काटा कुठे थांबवावा ते मला सांगता येईना, त्यांनाही नाही. त्यांनी ब्लेडने ठिपका खरवडून काढला. "पावसाळा पायतो," म्हणाले. "मंग नवा लावीन." विकायचं मी विचारलं नाही. निघताना वहिनी बांधीत होत्या, भिजलेलं धान उचलून बांधावर पसरत. त्यांनी हात हलवला नाही. हात मोकळा नव्हता.

जाणार असाल तर कापणीत जा, रस्ते कोरडे असतात आणि माणसं भेटतात. मुक्कामाची सोय पवनीला बघा.

पुण्यात माझ्या भिंतीवर तीन बॅरोमीटर आहेत. तिन्ही एकच आकडा दाखवतात, समुद्राच्या पातळीचा. घरी आणल्याच दिवशी मी ते तसे लावले आणि काचा स्पिरिटने स्वच्छ पुसल्या. एकाच्या काचेवर काही तरी रंग होता, नखाने खरवडावा लागला एवढं आठवतं. कुठे होता, ते आठवत नाही.