निळं पाणी तरंगलं त्या दिवशी

"आपले तरंगे सर गेले..." एका जुन्या विद्यार्थ्याचा मोबाईलवर एवढाच निरोप आला. खरं नाव लिहायची त्याला गरज वाटली नाही, आणि मलाही विचारावं लागलं नाही. हरिदास सोमकुवर. सौंसरच्या शाळेत आम्ही अनेक वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला. ते भूगोल शिकवत, मी रसायन. त्यांना जाऊन महिना होत आला. लिहायचं त्राण उरलेलं नाही, पण हे नाव त्यांना कसं पडलं ते आता लिहिलंच पाहिजे.

समुद्र त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिला होता. बोलत मात्र त्याच्याविषयीच, आणि बोलायला लागले की घंटा ऐकू येत नसे. पुढच्या तासाचा मास्तर दाराशी ताटकळत राही. उष्ण भागातलं पाणी उन्हानं आटून जास्त खारट होतं, अटलांटिकमधून उत्तरेला जातं, आपली ऊब तिथल्या हवेला देतं. मग थंड आणि खारट, म्हणून जड होऊन तळाशी बुडतं, आणि तळानंच परत फिरतं. "म्हणून तिकडच्या लोकाइले हिवाळा सोसते," ते म्हणत. "बर्फ वितळून तिथं गोडं पाणी पसरलं, तं हे चक्र मंदावते. पावसाचे पट्टे सरकतेत."

"पांढुर्ण्याकडचे संत्रेवाले माणूस तुमी, समुद्राचं काहून एवढं घेऊन बसता?" मी चिडवायचो.

"संत्र्याले पाऊस काय तुमच्या प्रयोगशाळेतून येते का, भाऊ?"

संत्र्याचा बहर गळला की तेही ते समुद्राच्याच माथी मारत. ते मला कधी पटलं नाही.

शाळेच्या तपासणीला साहेब येणार होते, तेव्हा सोमकुवरांनी प्रयोग ठरवला. काचेच्या भांड्यात साधं पाणी, त्यात वरून नीळ घातलेलं मिठाचं पाणी सोडायचं आणि ते बुडताना दाखवायचं. मिठाचं पाणी करायचं काम माझ्याकडे होतं. मला उशीर झाला होता. मीठ लवकर विरघळावं म्हणून शिपायानं चहासाठी ठेवलेलं कढत पाणी घेतलं, मीठही जेमतेम चमचाभर टाकलं. दांडीचा मग होता, त्यांच्या हाताला कळलं नाही. त्यांनी हळूच ओतलं. निळं पाणी बुडलं नाही. वरच थर धरून राहिलं.

"काय सर, तुमचा समुद्र तं तरंगून राहिला," साहेब म्हणाले. वर्ग हसला. मीही हसलो... कारण मला लगेच कळलं होतं. गरम होतं, म्हणून हलकं होतं. "थोडं थंड होऊ द्या," एवढंच म्हणायचं होतं. पण मग गरम कुणी केलं, हेही निघालं असतं.

सगळे गेल्यावर मी भांडं धुवायला घेतलं. निळ्या थरातून बारीक धागे खाली उतरत होते. पाणी निवलं होतं आणि बुडत होतं. मी ते मोरीत ओतलं.

पुढच्या सत्रात त्यांच्याकडचा भूगोल गेला, खालच्या वर्गांची हिंदी आली. पोरांच्या तोंडी ते 'तरंगे सर' झाले ते कायमचेच. एकदा डबा खाताना त्यांनी विचारलं, "भाऊ, ते पाणी गरम होतं का?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग मीठच कमी पडलं असन," म्हणत त्यांनी चटणीची डबी माझ्याकडे सरकवली. पुन्हा कधी विचारलं नाही.

मागच्या आठवड्यात मोहगावला त्यांच्या घरी गेलो. वहिनींना सगळं सांगितलं. पदर सारखा करत त्या म्हणाल्या, "मले सांगून काय होते, भाऊजी? हसले ते लोक. लोकाइले सांगा." म्हणून हे.

आतल्या खोलीत, जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्याचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, जगाचा नकाशा चिकटवलेला आहे. निवृत्तीनंतर गल्लीतल्या पोरांना ते तिथे बसवत आणि प्रवाहाच्या वाटेवरून बोट फिरवायला लावत. ती वाट घासून पांढरी पडली आहे. वर, ग्रीनलंडच्या खाली, कागद पार झिजून मागचा चुना दिसतो.

"येथी आलं का बोट धरून ठेवत पोराइचं," वहिनी म्हणाल्या. "म्हणत, घाई नाही कराची. पाणी निवू द्या, मंग बुडते."