वळणावरचा प्रसाद

मी मूळचा भित्रा. म्हणूनच असेल, आमच्या भजनी मंडळाने सायकलींवर पिंपळगाव राजा या गावी देवीपुढे भजनाला जायचं ठरवलं तेव्हा सगळ्यांना सुखरूप नेण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. बुलढाण्याचा घाट तेव्हा अरुंद आणि खडीचा, एका अंगाला दरी. निघताना आमचे गायक नामदेवराव यांच्या पत्नी मला म्हणाल्या, "भाऊजी, याइले सांभाळून आनजा." मी हो म्हणालो. देवी सांभाळेल, असं मंडळी म्हणत. माझा भरवसा मात्र ब्रेकवर. सगळ्यांचे ब्रेक मी स्वतः दाबून पाहिले. अंतर ठेवा, वळणावर कोणीही थांबू नका, असं दहादा बजावलं आणि सगळे नजरेसमोर राहावेत म्हणून भजनाची पेटी कॅरियरला बांधून शेवटी राहिलो.

निम्मा घाट उतरलो आणि मागच्या ब्रेकची सळई तुटली. पुढचा दाबला तर चाक खडीवर घसरू लागलं. पेटीच्या वजनाने सायकल सुसाट सुटली. वळणापलीकडे नामदेवराव होते, त्यांच्यापुढे बाकीचे. ज्यांना सांभाळायला मागे राहिलो, त्यांच्याच अंगावर मी जाणार होतो! घंटी वाजवली, ओरडलो. खडखडाटात माझं मलाच ऐकू येईना. "आई, माझं काहीही होऊ दे, त्यांना बाजूला कर," एवढंच तोंडातून निघालं.

वळण घेतलं तर रस्ता रिकामा. एकही सायकल नाही. सगळे दरीत गेले, असंच वाटलं. पुढे मुरमाचा ढीग होता, त्यात सायकल घुसली, मी पडलो. गुडघे सोलले होते. तसाच लंगडत वर निघालो. दरीत डोकावायची हिंमत होईना.

वळणाच्या आतल्या अंगाला, झाडाआड, सगळी मंडळी पत्रावळीवर शिरा खात बसली होती! जानेफळकडचं एक जोडपं बैलगाडीने घाटातल्या देवीला आलं होतं. बाईच्या कडेवर तान्हं मूल. ती म्हणाली, "रागावू नका दादा, म्याच अडवलं याइले. लेकरू झालं तं वाटसरूइले जेवू घालीन, असा नवस होता."

"काऊन बे, थांबला नाही?" नामदेवराव म्हणाले. "किती हाका मारल्या तुले!"

मी त्यांचा हात धरला आणि सगळ्यांदेखत रडलो.

योगायोग म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. आजही मंडळी घेऊन निघतो, काळजीत कसूर करत नाही, भीतीही वाटतेच. पण निघण्याआधी देवीला सांगतो, माणसं तुझी आहेत, मी नुसता त्यांच्या मागे चालतो. एवढं म्हटलं की पाय पेडलवर ठेवता येतो.