काकाजींचा भात

आमच्या आगारातलं पहिलं आरोग्य शिबिर माझ्या चांगलं लक्षात आहे. बोटातून रक्त देऊन झालेल्यांना बाजूच्या टेबलावर पोहे आणि गोड चहा मिळत होता, आणि त्याच टेबलाशी उभ्या राहून डॉक्टरीणबाई साखरेवर बोलत होत्या. मागे भिंतीला ताटाचं चित्र लावलं होतं. अर्ध्या ताटात भाजी, मग डाळ, मग पोळी, आणि कडेला चमचाभर भात. गोंदियाकडच्या माणसाला असं ताट दाखवायचं म्हणजे लग्नपत्रिकेत नवरदेवाचं नाव बारीक अक्षरात छापण्यासारखं. आम्ही सगळे हसलो आणि पोहे संपवले.

काकाजी मात्र हसले नाहीत. ते माझ्या गाडीचे ड्रायव्हर, मी कंडक्टर. नात्यानं कोणी नव्हते, वयानं मोठे म्हणून काकाजी. त्यांची साखर इतकी निघाली की डॉक्टरीणबाईंनी मशीन पुसून पुन्हा तपासलं. मग त्या म्हणाल्या, "गोळ्या घ्या, चाला, खाणं बदला. तीन महिन्यांनी परत बघू. साखर खाली आली नाही तर स्टिअरिंग सोडावं लागेल."

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. जन्मभर गाडी चालवलेल्या माणसाला आता फाटकापाशी स्टुलावर बसवून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला लावतील, हे आम्हा दोघांनाही कळलं. बाहेर आल्यावर ते एवढंच बोलले, "स्टुलावर नाही बसत मी. घरी जाईन, पन स्टुलावर नाही."

दुसऱ्या दिवशी कोहमाऱ्याला गाडी नेहमीसारखी अर्धा तास थांबली. काकाजींनी छाती पुढे काढून सांगितलं, "भात सोडलो मी." आणि ढाब्यावरून पोह्यांची प्लेट मागवली. वर खिशातून मुरमुऱ्यांची पुडी काढली.

"काकाजी, हे काय खाऊन राहिले तुमी?"

"पोहे."

"पोहे कायचे होतात?"

त्यांनी प्लेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "धानाचेच होतात ना वो," ते हळूच म्हणाले.

"आन् मुरमुरे?"

आता ते चिडले. "मंग खाऊ काय मी? बांधीतलं गवत?"

मला हसू आवरेना. पण त्यांचं तरी काय चुकलं? आमच्याकडे सकाळी पोहे, दुपारी भात, संध्याकाळी चिवडा, पाहुणा आला तर तांदळाच्या पिठाचा चिला. तांदूळ सोडायचा तर माणसानं तोंड उघडायचं तरी कशासाठी!

खरी पंचाईत पुढेच होती. घरी त्यांनी काही सांगितलंच नव्हतं. काकूंच्या भावाचा पाय साखरेनं गेला होता. "त्या बाईले सांगितलो तर ते अंथरून धरते," काकाजी म्हणाले. "तू बी घरी सांगशील नोको." त्यामुळे डबा रोजचाच येई. घरच्या धानाच्या बांधीतल्या सुवासिक चिन्नोर तांदळाचा भात, वर तुरीचं वरण, कडेला वांग्याची भाजी. झाकण उघडलं की वास शेजारच्या बाकापर्यंत जायचा. डबा तसाच परत नेला तर काकूंना संशय येणार, आणि टाकून द्यावा तर शेतकऱ्याच्या हातून भात टाकवेल कसा?

मग मीच तोडगा काढला. त्यांचा डबा मी खाल्ला, माझा त्यांनी. माझ्या डब्यात पोळ्या, चण्याची उसळ, काकडी. पहिल्या दिवशी त्यांनी माझी पोळी अशी चावली की जणू कोर्टानं शिक्षाच सुनावली आहे. मी त्यांचा भात खाल्ला आणि खरं सांगते, मला अजिबात वाईट वाटलं नाही.

जेवण झालं की मी त्यांना उठवायची. थांब्यापासून शेवटच्या ढाब्यापर्यंत आणि परत, अशा पाच फेऱ्या. मोजायचं काम माझं. एखादी बुडवू पाहिली तर मी जागेवर उभी राहून ओरडायची, "चार झाल्या, काकाजी!" ट्रकवाले बाजेवर पडल्या पडल्या मजा बघत. एकानं विचारलं होतं, "क्यों मास्टरनी, मामा को कहाँ भगा रही हो?" काकाजींनीच उत्तर दिलं, "मामा शुगर को भगा रहा है, भैया." पुढे पुढे आमच्या वेळेला येणाऱ्या दुसऱ्या गाडीचे दोघेही फेऱ्यांत सामील झाले. मग चालता चालता पोरांची लग्नं, धानाची रोवणी, गुडघेदुखी, सगळं बोलून व्हायचं. तेवढ्या अर्ध्या तासानं दिवसभराची पाठ हलकी होई.

तीन महिन्यांनी साखर खाली आली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर सही केली तेव्हा काकाजींनी तो कागद मलाच आधी दाखवला, शाळेच्या पोरानं निकाल दाखवावा तसा. पुढे निवृत्तीपर्यंत त्यांच्या हातचं स्टिअरिंग सुटलं नाही. आमची डब्यांची अदलाबदलही सुटली नाही.

शेवटच्या दिवशी कोहमाऱ्याला त्यांनी स्वतःच्या डब्याचं झाकण उघडलं आणि जरा वेळ तसेच बसले. म्हणाले, "बाई, आज दोन घास खाऊ का? आज तं शेवटची फेरी हाय."

मी नाही म्हटलं. दोन वर्षांची शिस्त, अंगात भिनलेली. "घरी जाऊन बिघडवा काय बिघडवायचं ते," असंही मी वर म्हणाले. ते हसले, डबा माझ्याकडे सरकवला आणि माझी पोळी उचलली. दोन घासांनी काय होणार होतं? डॉक्टरीणबाईही हो म्हणाल्या असत्या. त्या दिवशीचा भात मी खाल्ला, आणि तो अजून माझ्या घशाखाली उतरलेला नाही.

आता ते बिरसीला शेतावर असतात. वरून पायलटगिरी शिकणाऱ्या पोरांची विमानं घिरट्या घालतात. फोनवर सांगत होते, "ते बी फेऱ्याच मारून राहिले. मोजतो मी बसल्या बसल्या." मी विचारलं, "आन् तुमच्या फेऱ्या?" तर म्हणाले, "आता मोजनारी कुठी हाय?" फोन ठेवल्यावर मला उगाच रडू आलं.

गेल्या महिन्यात पुन्हा शिबिर झालं. तेच ताटाचं चित्र, फक्त या वेळी पोह्यांऐवजी मोड आलेले मूग होते, एवढी सुधारणा. माझं बोट टोचलं आणि मशीनवर नको तेवढा मोठा आकडा आला. मी डॉक्टरीणबाईंना अर्धवट हसतच विचारलं, दुसऱ्याच्या वाटणीचा भात खाल्ल्यानं असं होतं का? त्या म्हणाल्या, "तसं एवढ्यानंच होत नाही. तुमच्या आईला होती ना साखर?" होती. तरी मला मनातून वाटलं, हा तो चिन्नोरच आहे. आणि वाटून रागही आला नाही.

मुर्रीला माझ्या घरी मी अजून सांगितलेलं नाही. सासूबाईंचं नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालंय, आणि सकाळी डबा त्याच भरतात. मी दोन वर्षं काकाजींच्या डब्यातला भात आवडीनं खाल्ल्याच्या गोष्टी घरी इतक्या सांगितल्या होत्या, की आता त्या डबा भातानंच भरतात.

काल कोहमाऱ्याला नवा ड्रायव्हर मोबाईल बघत ढाब्यावर जेवायला बसला. चांगला मुलगा आहे, पण त्याला माझ्या डब्याशी काय करायचंय? मी एकटीच पाच फेऱ्या मारल्या. तिसऱ्या आणि चौथ्या फेरीत गोंधळ झाला, म्हणून एक जास्तीची मारली. मग बाकावर डबा उघडून काकाजींना फोन लावला.

"काकाजी, मले शुगर निघाली."

 पलीकडून आधी वरून जाणाऱ्या विमानाचा आवाज आला.

"घरी सांगितली का?"

"नाही."

"मंग बाई," ते म्हणाले, "तुह्या डब्यातला भात कोन खाऊन राहिला?"

मी समोरच्या रिकाम्या बाकाकडे बघत राहिले. मग भाताच्या डब्याचं झाकण लावलं.