परसों म्हणजे कधी

शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. वय साठ, म्हणजे आजच्या मानाने अगदीच पोर. हैदराबादेतल्या काचीगुड्याच्या घरी बांधकाम मजुरांच्या मुली जमवायच्या, त्यांना चार लोकांत बोलायला शिकवायचं आणि कुठेतरी कामाला लावायचं, हा माझा उद्योग. मुली नांदेडकडच्या. दुकानदार म्हणायचे, या मुली सणाला गावी जातात त्या परत येतच नाहीत.

मग बाईसाहेबांनी, म्हणजे मीच, युक्ती काढली: मुलींना इथल्याच करून टाकायचं. ‘हौ’ म्हणा, ‘नक्को’ म्हणा, मागचं काहीही सांगताना ‘परसों’ म्हणा. हैदराबादेत गेल्या आठवड्यातलंही परसों आणि आजोबांच्या लग्नातलंही परसोंच. घोकून घेतलं मी, वर स्वतःच्या विनोदांवर स्वतःच हसले.

त्यांतली एक चुणचुणीत होती. तिच्या आईबापांचं इथलं काम संपत आलं होतं, मुकादम सगळ्यांना बंगळुरूला हलवणार होता. नोकरी लागली तर पोरगी हॉस्टेलात राहणार होती. नाही तर आईबरोबर विटा उचलणं, आणि लवकरच लग्न. दिलसुखनगरच्या एका कापडदुकानात मुलाखत ठरली. मी बाहेर उसाचा रस पीत उभी, जणू पेढे वाटायचेच बाकी होते.

मॅनेजर नवा, उत्तरेकडून आलेला. त्याने विचारलं, हैदराबादला कधी आलीस. पोरगी लहानपणीच आलेली. पण शिकवल्याप्रमाणे ठसक्यात म्हणाली, “मैं परसोंच आई, सर.”

“परसों आई, तो नरसों चली जाएगी,” तो म्हणाला. परवा आली, तेरवा जाणार. आणि पुढच्या मुलीला बोलावलं.

ती बाहेर येऊन हे सांगेपर्यंत माझा रस संपला होता. मी आत जाऊन त्याला इथल्या बोलीचं व्याकरण समजावू लागले. त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, आंटी, मीच इथे नवा, मला कसं कळणार? जागा भरली होती.

नारायणगुड्यातली दुकानंही पालथी घातली. कुठे तेलुगू लिहिणारी हवी, कुठे आधार कार्डावर इथला पत्ता हवा. तिचा पत्ता गावचा, आणि गावात तिला ओळखणारं कुणी उरलं नव्हतं.

ती निघाली तेव्हा स्टेशनवर गेले. म्हटलं, पोचलीस की फोन कर, मी इथे काम बघत राहते.

तिची आई मध्येच बोलली. आवाजात राग नव्हता. “आज्जी, तुम्ही लई केलं. आता फोन नका करू. तिला आस लागती, मग कामात हात चालत न्हाई.”

पोरगी भांड्यांच्या पोत्याची सुतळी आवळत राहिली. माझ्याकडे बघितलं नाही.

मी फोन केला नाही.

हल्ली गल्लीच्या टोकाला नवी इमारत उठतेय. तिथल्या मुली दारात येऊन विचारतात, कामाला लावणाऱ्या बाई इथेच राहतात ना? मी चेहरा गंभीर करते आणि सांगते, त्या बाई वारल्या.