काचेवरचा कुंकवाचा ठिपका

मी तोंडाळ होते, हे आधीच सांगून टाकते. आष्ट्याजवळच्या या उसाच्या गावात लग्न होऊन आले, आणि सून गप्प बसणाऱ्यातली नाही हे सासूबाईंना आठवड्यात कळून चुकलं. माझं माहेर विट्याच्या पलीकडं, कुसळांच्या मुलखात. भाऊ परमुलखात सोनं गाळायच्या दुकानात कामाला होता. त्यानं लग्नात नवरदेवाला रेडिओ दिला, कातडी पिशवीतला, सेलवर चालणारा. वरातीत तो नवऱ्याच्या गळ्यात होता. माझ्या मनात मात्र पहिल्या दिवसापासून तो रेडिओ माझाच.

आमचे मालक एकाहत्तरच्या लढाईत तोफेवर होते. हातीपायी धड परत आले, पण डावा कान गेला. नुसता गेला असता तरी चाललं असतं. त्या कानात सारखी बारीक शिट्टी वाजायची, उठता-बसता, जेवताना, कधीच थांबायची नाही. मग माणूस वैतागायचा, भरलं ताट सरकवून उठायचा. लष्कराच्या दवाखान्यात त्यांच्या शेजारच्या खाटेवर एक साहेब होते. त्यांच्या रेडिओवर संध्याकाळी संथ इंग्रजी बाजा लागायचा. साहेब त्याला जॅझ म्हणायचे. तो ऐकताना शिट्टी मागं पडते, हे मालकांच्या ध्यानात आलं. घरी हातात रेडिओ आल्यावर त्यांनी तेच शोधायला घेतलं.

रोज दिवे लागायच्या वेळेला सोप्यात बसायचे, उजवा कान रेडिओला लावून. काटा केसभर सरकवायचा, थांबायचं, पुन्हा सरकवायचा. नुसती खरखर, कुठल्या तरी मुलखाच्या बातम्या, पुन्हा खरखर. महिना गेला. सासूबाई म्हणायच्या, "आरं, चाळणीनं धान चाळतुयास व्हय?" आणि एके दिवशी लागलं की! मालक बसल्या जागी हसले. स्टेशनचं नाव कळेना, आकड्यांवरून नेमकी जागा धरता येईना. मग ते आत आले, माझ्या करंड्यातलं थोडं मेण बोटावर घेतलं, त्यावर कुंकू लावलं आणि काट्याच्या नेमक्या जागी काचेवर ठिपका दिला.

"आता चुकायचं न्हाई बघ," म्हणाले.

गाणं नव्हतंच त्यात. एकच वाद्य लांब लांब सूर काढायचं आणि मागं कुणी केरसुणीनं हळू अंगण झाडावं तसा आवाज. सासूबाईंना ते तिन्हीसांजेचं रडगाणं वाटायचं. मी त्याला पुंगी म्हणायचे. खरं सांगू? भाकरी थापताना कधी कधी माझा हात त्या चालीवर पडायचा. पण ते कबूल करील ती मी कसली! मला हवी होती मराठी गाणी, आणि ती लागायची नेमकी त्याच वेळेला.

एकदा मी म्हटलं, "आवं, जरा माझी गाणी लावा की. रेडिओ माझ्या भावानं दिलाय."

"अगं, ह्यानं कानातलं जरा गप बसतंय. तासभरच तर लावतुय."

सरळ सांगितलं होतं त्यांनी. मला वाटलं, बाप्याचं निमित्त आहे. वरून दिसत नाही ते दुखणं मला दुखणंच वाटायचं नाही. एवढी अक्कल नव्हती मला.

श्रावणात भाऊ पंचमीला न्यायला आला. लग्नानंतरची पहिली पंचमी, माहेरी जायचंच असतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी पुन्हा गाणी मागितली, मालकांनी पुन्हा नकाराची मान हलवली. माझं डोकं फिरलं. सकाळी ते मळ्यात गेल्यावर मी रेडिओ उचलला आणि पिशवीत घातला. मैत्रिणींना दाखवायचाही होताच. सासूबाई म्हणाल्या, "त्येला इचारलंस का?" मी म्हटलं, "इचारायचं काय त्यात?"

माहेरी फेर धरला, झिम्मा झाला, गाणी वाजली. तिथं एका मैत्रिणीनं काचेकडं बोट दाखवून विचारलं, "ही गं काय? रेडिओला बी कुंकू लावत्यात व्हय तुमच्यात?" सगळ्याजणी खिदळल्या. मला लाज वाटली, आणि लाजेचा राग आला तो मालकांवर. पदराचं टोक ओलं केलं आणि ठिपका पुसून टाकला. मेण निघेना, तर नखानं खरवडला. बाईमाणसानं असं कुंकू खरवडू नये, एवढंही मला सुचलं नाही.

आठ दिवसांनी परत आले. मालकांनी रेडिओ हातात घेतला, काचेकडं बघितलं. मी आपणहून म्हणाले, "भावाच्या पोरींनी पुसलं असंल. लय वांड हायत्या." पोरी बिचाऱ्या रेडिओपाशी फिरकल्याही नव्हत्या.

ते रेडिओ घेऊन सोप्यात जाऊन बसले. पुन्हा काटा केसभर सरकवायला लागले. पंधरा दिवस, वीस दिवस. ते स्टेशन काही लागलं नाही. पुढं कुणीतरी मला सांगितलं की परदेशी स्टेशनं ऋतूप्रमाणं जागा बदलतात, ठिपका असता तरी उपयोग झाला नसता. असेल. तेवढ्यानं माझं नख काही धुऊन निघत नाही.

एका संध्याकाळी त्यांनी रेडिओ आणून चुलीपाशी ठेवला. "घे, लाव तुझी गाणी." आणि मळ्यात निघून गेले. मी लावली. ऐकलीही. ते घराबाहेरच बसायला लागले ते तेव्हापासून. उसाला पाणी पाजायचं निमित्त असायचं. घरात चार माणसं बोलायला लागली की उठायचे.

दोनतीन वर्षांनी, ऊसतोड चालली होती तेव्हाची गोष्ट. भाकरी घेऊन मी मळ्यात गेले. बांधावर दोघंच होतो. ते तळहातानं डावा कान दाबून बसले होते, आणि ते बघून माझ्यानं राहवेना.

"त्यो ठिपका पोरींनी न्हाई पुसला," मी म्हणाले. "मीच पुसला. रागानं."

ते भाकरी मोडत राहिले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "काय म्हणालीस?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी त्यांच्या डाव्या अंगाला बसले होते. घरात त्यांच्याशी बोलायचं तर उजवीकडं बसायचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मी मुद्दाम तिथं बसले होते का, हे मला आजही सांगता येत नाही.

"काय न्हाई," मी म्हणाले. "कालवण घ्या की आनकी."