बाबांची बोट कंपनी

"कॅप्टनची सुट्टी लईच लांबली म्हणायची की."

"बोटच बुडाली असंल गं."

मंगळवार पेठेतल्या पिठाच्या गिरणीत कुजबुजायचं तर ओरडावं लागतं, त्यामुळे हे मला अगदी स्पष्ट ऐकू आलं. मी त्या दोघींच्या मागेच ज्वारीचं पीठ व्हायची वाट बघत उभी होते. पण मी इंग्लिश मीडियमची आणि कमी बोलणारी, तेव्हा मला मराठी कळत नसावं असं गल्लीनं कधीच ठरवून टाकलंय. मीही हा गैरसमज जपते. त्यातून पुष्कळ माहिती मिळते.

कॅप्टन म्हणजे माझा दादा. तो एका परदेशी कंपनीच्या प्रवासी बोटीवर केक आणि पाव करायचा. नोकरी लागली तेव्हा तालमीच्या पोरांनी चौकात त्याचा फ्लेक्स लावला. फ्लेक्सवाल्याला दादाची शेफची उंच टोपी फोटोत बरी दिसेना, म्हणून त्यानं नेटवरून एक पांढरी-सोनेरी टोपी शोधून दादाच्या डोक्यावर बसवली. शेजारी बोट, खाली शुभेच्छुक म्हणून आख्खी तालीम. दादा एका रात्रीत कॅप्टन झाला. ज्या हुद्द्यावर पोहोचायला लोकांची हयात जाते, तो आमच्याकडे छपाईत मिळाला. घरात कुणीच हरकत घेतली नाही. "शोभतीय की," एवढंच बाबा म्हणाले.

पुढे कंपनीची भरभराट आम्ही घरबसल्या पाहिली. आधी एकच जुनी बोट होती. मग दुसरी आली, मग तिसरी, जिच्यावर बर्फावर घसरायचं मैदान होतं. बाबा रंकाळ्यातल्या पायडलच्या बोटीपलीकडे कधी गेले नाहीत. पण "आमच्या कंपनीनं नवी बोट काढली" हे ते चहाच्या गाड्यावर अशा थाटात सांगायचे, की तिच्यापुढं नारळ यांनीच फोडला असावा. आईनं बर्फाचं मैदान भिशीत पुरवून पुरवून वापरलं.

उतरती कळा आधी स्वयंपाकघरात दिसली. दादा फोनवर सांगायचा, जेवणातली कोळंबी गेली, सॉसेज आले. ताजे पाव बंद झाले, गोठवलेले यायला लागले. दादानं ते फक्त गरम करायचे. मग बंदरं कमी झाली, मग प्रवासी. शेवटी दादाची बोट कुठल्याशा खाडीत नांगर टाकून नुसतीच उभी राहिली आणि तिच्यावरचे कामगार एकमेकांना जेवू घालत बसले.

"साखर कारखान्याचाबी हंगाम असतोयच की," बाबा म्हणाले. "तसंच हे."

दादा घरी परतला, तर ती सुट्टी. कंपनीनं दिवाळं काढल्याची बातमी मी वाचून दाखवली, तर "पेपरवाले कायबी छापतात." मग ती बर्फाच्या मैदानाची बोटच तोडायला गुजरातच्या किनाऱ्यावर आणली. माणूस इथे तरी खचला असता. बाबा म्हणाले, "भारतात आलीय न्हवं? हितं शाखा काढत असतील."

सुट्टीवरच्या माणसाची अडचण ही, की त्याला दुसरं काम धरता येत नाही. दादा अंधार पडल्याशिवाय बाहेर पडेना, कारण उजेडात प्रत्येक कट्ट्यावर "कॅप्टन, कवा निघायचं?" हा प्रश्न बसलेला असायचा. दिवसभर तो आमच्या टीचभर ओव्हनमध्ये पाव भाजायचा. आम्ही ते खायचो आणि छान झालेत म्हणायचो. तो लगेच पुढचं पीठ मळायला घ्यायचा.

मग जयसिंगपूरच्या एका बेकरीवाल्या काकांनी त्याला बोलावलं. दादानं त्यांच्या भट्टीवर एक दिवस काम करून दाखवलं. परतला तेव्हा त्याच्या केसांत मैदा होता आणि जिना चढताना तो शिट्टी वाजवत होता. कित्येक महिन्यांनी. बाबांनी सगळं एका वाक्यात मिटवलं.

"कॅप्टननं खारी भाजायची?"

तर त्या दिवशी गिरणीतून घरी आले, तेव्हा ते काका आमच्या सोफ्यावर बसलेले.

"पावणं, नाष्टा करूनच जायाचं," बाबा म्हणत होते.

"नाष्टा ऱ्हाऊ दे. पोरगं उद्यापासनं येतंय का तेवढं सांगा. सांगलीचा एकजण मागं लागलाय. तुम्ही न्हाई म्हणत असाल तर त्याला हो म्हणतो."

"त्याचं काय हाय, कंपनीनं परत बोलावलंय त्याला. पुढच्या महिन्यात निघायचंय."

कुणीही बोलावलं नव्हतं. दादा आतल्या दारात उभा होता. मला वाटलं आता तो बोलेल. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला. आई पोह्यांवर कोथिंबीर पेरत होती, आणि पेरतच होती.

"मोठ्या बोटीवर जाणाऱ्याला आमची भट्टी कशी आवडावी," काका म्हणाले. टोमणा नव्हता, त्यांना खरंच पटलं होतं. ते उठले, दाराशी जाऊन चप्पल पायात सरकवू लागले.

बाबांना एवढ्यावर थांबता आलं असतं. पण खोटं पचलेलं पाहून त्यांना साक्षीदार हवासा वाटला. "इचारा की हिला. इंग्लिश मीडियमची हाय. हिनंच मेल वाचून दाखवलाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दादासुद्धा. मी पिठाचा डबा खाली ठेवला.

"काका," मी म्हणाले, "कंपनी बंद पडलीय. बोटी भंगारात गेल्या. मेल-बिल काही आलेला नाही. दादा उद्या पहिल्या गाडीनं तुमच्याकडे येतोय."